रडर बंद करण्याआधी

विमान घरी बांधू नये, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी चारचौघांत मोठ्याने मांडत असे. ज्यावर माणसांचा जीव अवलंबून आहे अशी वस्तू ज्याने बनवली त्यानेच ती तपासायची, हे मला मुळातच अमान्य होतं. आज आमच्या गॅरेजमध्ये एका दोन आसनी विमानाचं शेपूट आहे. त्यातल्या रडरच्या, म्हणजे सुकाणूच्या, बहुतेक रिव्हेटांमागे बार धरून मी उभी राहिले आहे. मत बदललं. कसं बदललं आणि कुठे बदललं नाही, ते लिहावंसं वाटतं, कारण माझ्या जुन्या मताला मी आजही कमी लेखत नाही.

ते मत ओझरचं आहे. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सची वसाहत आहे, तिथे मी वाढले. १९६४ साली मिग विमानांसाठी तो कारखाना उभा राहिला. बाबा तिथे पत्र्याच्या कामावर होते. आमच्या घरात विमानाच्या गप्पा म्हणजे उड्डाणाच्या गप्पा कधीच नसायच्या. कुठल्या फ्रेमवर काम अडलं, इन्स्पेक्शनने काय परत पाठवलं, कोणत्या कागदावर सही राहिली, हेच जेवताना चालायचं. रिव्हेट मारणारा वेगळा आणि पास करणारा वेगळा, हा नियम मला पाढ्यांच्या आधी पाठ झाला असेल. काम परत आलं तरी बाबा इन्स्पेक्टरवर चिडलेले मला आठवत नाहीत. ‘त्याने बघितलंय म्हणून मला झोप लागते,’ असं ते आईला म्हणायचे.

पुढे मी इंजिनिअर झाले, अमेरिकेत आले, आणि ओरेगनमधल्या हिल्सबरो गावी चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या भागांची गुणवत्ता तपासण्याच्या कामाला लागले. म्हणजे नियमाच्या दुसऱ्या टोकाला, शिक्का मारणाऱ्यांच्या बाजूला. तिथे वर्षानुवर्षं काम केल्यावर तर मत आणखीच पक्कं झालं. स्वतःच्या हाताने केलेल्या कामातला दोष माणसाला दिसत नाही, आणि दिसला तर तो त्याला चालवून घ्यावासा वाटतो, हे मी चांगल्या, प्रामाणिक कारागिरांच्या बाबतीतही पाहिलं होतं.

२०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान मांडलं, तेव्हा आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर त्याचे फोटो फिरत होते. सगळे अभिमानाने लिहीत होते. मी मात्र लिहिलं होतं की जिद्द वेगळी आणि उड्डाणयोग्यता वेगळी. ते वाक्य मी अजूनही मागे घेणार नाही. फक्त उड्डाणयोग्यता कुठे तयार होते, याबद्दल तेव्हा मला जे वाटत होतं ते आता वाटत नाही.

माझ्या नवऱ्याने वैमानिकाचा परवाना काढला तोवर ठीक होतं. मग एके दिवशी त्याने आरव्ही-७ या विमानाच्या शेपटाचं किट मागवायचं ठरवलं. आमच्या घरापासून गाडीने फार दूर नसलेल्या ऑरोरा गावी व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी आहे. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती काढली, आणि तिच्या किटवरून बांधलेली ११,००० हून अधिक विमानं आजवर उडाली आहेत. किट टप्प्याटप्प्याने विकतात: आधी शेपूट, मग पंख, मग धड. शेपूट आधी देतात यात मोठं शहाणपण आहे. ते सगळ्यांत लहान, सगळ्यांत स्वस्त, आणि त्यात पुढे लागणारी जवळजवळ प्रत्येक कला एकदा तरी करावी लागते. ज्याला झेपत नाही तो तिथेच थांबतो.

मी भांडले. नवऱ्याने कायदा दाखवला. अमेरिकेत हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून विमान बांधायला परवानगी आहे. अट अशी की अर्ध्याहून अधिक काम त्याने, किंवा त्याच्यासारख्याच हौशी माणसांनी केलेलं असावं. अशा विमानाला ‘एक्सपेरिमेंटल’ प्रमाणपत्र मिळतं, आत शिरताना दिसेल असा तो शब्द ठळक अक्षरांत लिहावा लागतो, आणि सुरुवातीची चाचणी उड्डाणं ठरवून दिलेल्या भागातच, हौस म्हणून कुणाला शेजारी न बसवता, पूर्ण करावी लागतात. मी म्हटलं, कायदा परवानगी देतो म्हणून ते काम चांगलं होत नाही. त्यावर तो म्हणाला, ‘मग तू तपास ना. तुझ्याइतकं कडक कोण मिळणार मला?’

अशी मी त्या गॅरेजमध्ये शिरले ते इन्स्पेक्टर म्हणून. बांधणारी म्हणून मुळीच नाही. पण रिव्हेट मारणं हे बऱ्याच ठिकाणी दोघांचं काम असतं. एकाने बाहेरून हवेच्या दाबावर चालणारी गन धरायची, दुसऱ्याने आतून पोलादी ठोकळा, बकिंग बार, रिव्हेटच्या दांडीच्या टोकावर चोख टेकवायचा. नवऱ्याला दुसरे हात हवे होते आणि घरात दुसरे हात माझेच होते.

विमानाच्या पत्र्याला रिव्हेट का मारतात, वेल्डिंग का करत नाहीत, असं मला मैत्रिणी विचारतात. हा पत्रा २०२४ नावाच्या अ‍ॅल्युमिनियम-तांबं मिश्रधातूचा असतो आणि त्याला उष्णतेची प्रक्रिया करून ताकद आणलेली असते. वेल्डिंगच्या झळीने ती ताकद तिथल्या तिथे जाते. शिवाय रडरचा पत्रा अर्धा मिलिमीटरही जाड नसतो. म्हणून भोकं पाडून रिव्हेट. आमच्या रडरवरचे बहुतेक रिव्हेट २.४ मिलिमीटर व्यासाचे. एका बाजूला तयार चपटं डोकं, जे पत्र्यात पाडलेल्या खळगीत बसून पृष्ठभागाशी एकजीव होतं. दुसऱ्या बाजूला दांडीच्या व्यासाच्या दीडपट टोक बाहेर राहतं. गन चालली की ते टोक बारवर चेपतं आणि तिथे दुसरं डोकं तयार होतं. ते दांडीच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच झालं पाहिजे. म्हणजे साधारण ३.६ मिलिमीटर रुंद, १.२ उंच. कमी चेपलं तर पकड नाही, जास्त चेपलं तर पत्रा ताणला जातो, वाकडं पडलं तर भार सारखा बसत नाही.

इन्स्पेक्टरला आवडावी अशी ही गोष्ट आहे. रिव्हेट काही लपवत नाही. गोंदाने चिकटवलेला जोड बाहेरून सुंदर दिसेल आणि आत धरलेलाच नसेल. रिव्हेट मात्र गेज लावून मोजता येतो, बोटाने चाचपता येतो, नको असेल तर काढता येतो. पहिल्या आठवड्यात मी गेज हातात घेऊन रांगेच्या रांगा तपासल्या आणि मनात म्हटलं, ठीक आहे, एवढं आपण पास-नापास करू शकतो.

माझं मत हललं ते यानंतर, आणि तेही रिव्हेटमुळे नाही, रिव्हेटच्या आधीच्या कामामुळे. भोक पाडलं की त्याच्या काठावर धातूची बारीक धार राहते, बर म्हणतात ती. ती दोन्ही बाजूंनी काढावी लागते. काढली नाही तर दोन पत्रे एकमेकांवर नीट बसत नाहीत, आणि पुढे खळगी पाडताना किंवा वर्षानुवर्षांच्या थरथरीत तिथूनच चीर सुरू होऊ शकते. कापलेली प्रत्येक कडा कानसेने आणि मग पॉलिशने गुळगुळीत करायची, त्याचंही कारण हेच. आतल्या बाजूला गंज येऊ नये म्हणून प्रायमर. आता, एकदा रिव्हेट बसला की यातलं काय दिसतं? काहीच नाही. बर दोन पत्र्यांच्या मध्ये कायमची अडकली. खळगीच्या काठावर केसाएवढी चीर असेल तर ती डोक्याखाली गेली. बाहेरून माझं गेज म्हणणार ३.६, १.२, पास.

ज्या हाताने ते भोक घासलं त्यालाच ठाऊक असतं की ते घासलं. मला हे पुस्तकातून ठाऊक होतं, नोकरीतही ठाऊक होतं, पण नोकरीत माझ्यासमोर भाग तयार होऊन येतो. इथे मी दोन्ही टोकांना उभी होते. एका संध्याकाळी कंटाळा येऊन एका स्टिफनरची, म्हणजे पत्र्याला आतून जोडायच्या पट्टीची, कडा सोडून द्यावीशी वाटली, आणि लक्षात आलं की जगातला कुठलाही तपासनीस हे पुढे पकडू शकणार नाही. कडा घासली. विमानाच्या सुरक्षिततेचा मोठा हिस्सा अशा क्षणांत ठरतो, आणि त्या क्षणी तिथे शिक्का घेतलेला कुणीच नसतो. ओझरलाही नसणार. तिथेही शेवटी कुणीतरी पत्र्याची कडा घासली म्हणून विमान धडधाकट निघालं. तपासणीने चांगल्या कामाला आधार दिला, त्याची जागा घेतली नाही. बाबांच्या घरात वाढून हे मला इतक्या उशिरा उमगावं याचं मला आश्चर्य वाटतं. बाबांना झोप लागायची त्यात इन्स्पेक्टरचा वाटा होताच, पण मोठा वाटा त्यांच्या स्वतःच्या हाताचा होता.

रडरचं बाकी काम सांगायला मला फार आवडतं. दोन बाजूंचे दोन पत्रे. प्रत्येकाला आतून कोनाच्या पट्ट्या, म्हणजे स्टिफनर. त्या जोडताना पत्रा जाड पोलादी पाटावर पालथा घालतात, रिव्हेटची डोकी पाटावर टेकतात आणि गन आतल्या बाजूने मारतात. अशी बाहेरची बाजू आरशासारखी सपाट येते. मग पुढच्या बाजूला स्पार हा मुख्य दांडा, वर-खाली रिब या फासळ्या, आणि शेवटी मागची कड. मागची कड हा रडरचा सगळ्यांत अवघड भाग. दोन पत्र्यांच्या मध्ये अ‍ॅल्युमिनियमची लांब बारीक पाचर बसते आणि तिन्हींतून आरपार रिव्हेट जातात, दोन्ही बाजूंनी सपाट. ती कड टोकापासून टोकापर्यंत सरळ हवी. अडीच मिलिमीटरपेक्षा जास्त बाक चालत नाही. बाक आला तर हवा रडरला एकीकडे ढकलत राहते आणि वैमानिकाला पूर्ण प्रवासभर एक पेडल दाबून बसावं लागतं.

म्हणून घाई करायची नाही. आधी पाचरेला सीलंट लावून सगळं सरळ अँगलवर क्लेको नावाच्या तात्पुरत्या पिनांनी घट्ट पकडायचं आणि सुकू द्यायचं. मग पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने रिव्हेट मारत जायचं नाही, कारण प्रत्येक ठोक्याबरोबर पत्रा किंचित सरकतो आणि ते सरकणं पुढे पुढे साठत जातं. दर दहावा रिव्हेट आधी. मग दोहोंच्या मधला. मग उरलेल्यांच्या मधला. तेही अर्धवट चेपून, रडर उलटं करून, पुन्हा सरळ करून. या कामात नवरा आणि मी जवळपास बोललोच नाही; त्याचं ‘हं’ आणि माझं ‘हं’ एवढंच.

दुसरा बदल एका पाहुण्यामुळे झाला. एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही घरी विमानं बांधणाऱ्यांची संस्था १९५३ साली पॉल पोबेरेझनी यांनी विस्कॉन्सिनमध्ये सुरू केली. तिचे अनुभवी सभासद ‘टेक्निकल काउन्सेलर’ म्हणून विनामोबदला घरी येऊन काम बघतात. आमच्याकडे आले ते एक निवृत्त मेकॅनिक. मी नापास केलेल्या रिव्हेटांवर लाल खुणा करून ठेवल्या होत्या. एक-दोनांची आतली डोकी जराशी कलली होती. त्यांनी त्या रिव्हेटांकडे ओझरतं पाहिलं आणि खुणा पुसायला सांगितलं.

माझा नियम होता: मापात नाही तर काढा. त्यांचं म्हणणं होतं की काढण्यालाही किंमत आहे. डोक्याच्या मध्यावर ड्रिल धरून ते उडवायचं, मग दांडी बाहेर काढायची. इतक्या पातळ पत्र्यात ड्रिल केसभर तिरकं गेलं की भोक लांबट होतं, आणि मग तिथे जाड दांडीचा रिव्हेट घालावा लागतो. थोडा कललेला, पण दोन्ही पत्रे घट्ट धरणारा रिव्हेट शेकडो भावंडांमध्ये आपलं काम करतो. ताणलेलं भोक मात्र कायमचं राहतं. लाल खुणांवर अर्धा मिनिट घालवलेल्या त्या गृहस्थांनी बिजागऱ्यांच्या बेअरिंगवर, स्पारच्या मजबुतीच्या पट्ट्यांवर आणि वरच्या शिशाच्या वजनाच्या स्क्रूंवर बराच वेळ घालवला.

त्या शिशाबद्दल थोडं थांबून सांगते. रडरचा बहुतेक भाग बिजागरीच्या मागे असतो. मागचं वजन जास्त झालं तर ठराविक वेगानंतर पृष्ठभाग आपोआप फडफडू लागतो. त्याला फ्लटर म्हणतात, आणि फ्लटर काही सेकंदांत शेपूट तोडू शकतो. म्हणून रडरच्या वरच्या टोकाला, बिजागरीच्या पुढे, शिसं बसवतात. आता रडरवर रिव्हेटगन घसरून एखादी खोच पडली, तर ती लपवायला पुट्टी भरावी असा मोह कुणालाही होतो. पण ती पुट्टी बिजागरीच्या मागे भरली जाते. रंगाचे जादा थरही तसेच. दिसायला निर्दोष केलेलं रडर खोच असलेल्या रडरपेक्षा धोकादायक ठरू शकतं. माझ्या व्यवसायात दिसणारा दोष हाच दोष असतो. दोषांना वजन असतं, आणि ते कुठे पडतंय हे आधी पाहायचं असतं, हे मला त्या गॅरेजमध्ये कळलं. त्या गृहस्थांना काहीही मंजूर करायचा अधिकार नव्हता. ते फक्त बघून गेले. तरी त्या रात्री मला बाबांच्या झोपेचा अर्थ कळला.

आता जे बदललं नाही ते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ साली घरी बांधलेल्या विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०११ मध्ये अशी विमानं खासगी विमानांच्या ताफ्यात सुमारे १० टक्के होती, पण अपघातांत त्यांचा वाटा सुमारे १५ टक्के आणि जीवघेण्या अपघातांत सुमारे २१ टक्के होता. हे आकडे मी विसरत नाही आणि नवऱ्यालाही विसरू देत नाही. पण तो अहवाल नीट वाचला तर अपघातांची मुख्य कारणं इंजिन बंद पडणं आणि विमानावरचा ताबा सुटणं ही आहेत. आणि अपघातग्रस्त विमानांपैकी निम्म्याहून अधिक सेकंडहँड घेतलेली होती, म्हणजे चालवणारा ते बांधणारा नव्हता. माझी सगळी शंका रिव्हेटांवर खिळलेली होती. जास्त काळजी इंधनाच्या नळीची आणि पहिल्या उड्डाणांच्या सरावाची करायला हवी. पंख झाले की मी तिकडे वळणार आहे.

बाबांचं मत बदललेलं नाही. रडर बंद करण्याआधी व्हिडिओ कॉलवर मी त्यांना आतली बाजू दाखवली. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं. ‘रांगा सरळ आहेत,’ ते म्हणाले. ‘बार तू धरलास?’ मी हो म्हटलं. मग म्हणाले, ‘पण पास कोण करणार?’ मी म्हटलं, ‘बाबा, तुमच्याकडेसुद्धा सुरुवातीची मिग-२१ रशियाहून आलेले सुटे भाग जोडूनच झाली ना?’ ‘झाली,’ ते म्हणाले, ‘पण भागांबरोबर तपासायची पद्धतपण आली होती. ती तुम्ही कुठून आणणार?’

प्रश्न योग्य आहे, आणि माझं उत्तर अर्धंच आहे. विमान पूर्ण झालं की सरकारी प्रतिनिधी येऊन ते पाहील, कागद तपासेल. पण तोवर रडर बंद झालेलं असेल. आतलं त्याला फोटोंत आणि आमच्या नोंदवहीत दिसेल तेवढंच. म्हणून आम्ही प्रत्येक टप्प्याचे फोटो काढतो, काय केलं त्याबरोबर काय पुन्हा केलं तेही लिहितो, आणि कुठलाही भाग बंद करण्याआधी तिसऱ्या माणसाला घरी बोलावतो. बांधणाऱ्याने स्वतःला तपासू नये, हे माझं जुनं मत इथे शाबूत आहे. मी सोडलं आहे ते एवढंच, की तपासणारा कारखान्याच्या पगारावर असलाच पाहिजे.

तुमच्या ओळखीत कुणी गॅरेजमध्ये किंवा शेडमध्ये विमान बांधत असेल, तर रंग दिल्यावर कौतुकाला जाऊ नका. शेपटाचे पत्रे उघडे असतील त्या आठवड्यात जा, टॉर्च न्या, आतल्या कडांवरून बोट फिरवा आणि खडबडीत लागलं तर तोंडावर सांगा. आणि तुम्हीच बांधत असाल, तर शेवटची रांग मारण्याआधी फोन करून कुणाला तरी बोलवा.